प्रॉक्सी कार्ड म्हणजे काय? बनवायचं कसं, वापरायचं कुठे आणि थांबायचं कुठे



'प्रॉक्सी' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना कॉलेजमध्येच भेटतो. सकाळी आठचं लेक्चर, मित्र रूमवर झोपलेला, आणि त्याचा रोल नंबर आला की आपण आवाज बदलून "येस सर" म्हणायचं. नंतर मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आलो तेव्हा 'प्रॉक्सी सर्व्हर' भेटला. आपल्या मोबाइलची रिक्वेस्ट आपल्या वतीने पुढे पाठवणारा मधला कॉम्प्युटर. आणि तिसरी प्रॉक्सी मला होस्टेलच्या खोलीत भेटली, पत्त्यांच्या एका खेळात. आजचा लेख या तिसऱ्या प्रॉक्सीबद्दल आहे.

तिन्हींमध्ये अर्थ एकच: खऱ्याच्या जागी दुसरं कोणीतरी. पण एक मोठा फरक आहे. हजेरीची प्रॉक्सी लपून राहिली तरच चालते. कार्डाची प्रॉक्सी उघड असली तरच चालते. हा फरक मला जरा उशिरा कळला आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा दुसऱ्यालाच जास्त झाला. तो किस्सा पुढे सांगतो. आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

कलेक्टिबल कार्ड गेम म्हणजे नेमकं काय?

लहानपणी चिप्सच्या पाकिटातले टॅझो जमवले असतील, किंवा डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्ड खेळला असाल, तर अर्धी गोष्ट तुम्हाला आधीच माहीत आहे. आताच्या पोरांनी मोबाइलवर 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' तरी उघडून पाहिलेलं असतं. कलेक्टिबल कार्ड गेममध्ये कार्ड बंद पाकिटात मिळतात. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. काही कार्ड पैशाला पासरी असतात, काही क्वचित मिळतात. मिळालेल्या कार्डांतून स्वतःचा गठ्ठा, म्हणजे 'डेक', बांधायचा आणि समोरच्याशी खेळायचं.

या प्रकारची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत झाली. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ बनवला आणि 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो बाजारात आणला. पोकेमॉनची कार्ड १९९६ मध्ये जपानमध्ये आली. या लेखात मी मॅजिकचीच उदाहरणं घेतोय, कारण तो खेळ मी खेळतो आणि प्रॉक्सीचा वाद तिथेच सगळ्यात जास्त रंगलेला आहे.

मॅजिकच्या नेहमीच्या प्रकारात डेकमध्ये किमान ६० कार्ड लागतात आणि एकाच नावाची जास्तीत जास्त चार कार्ड ठेवता येतात. 'कमांडर' नावाच्या लोकप्रिय प्रकारात १०० कार्ड लागतात आणि साधी 'लँड' कार्ड सोडली तर प्रत्येक कार्ड वेगळं असावं लागतं. आता हिशोब करा. एखादं चांगलं कार्ड बाजारात ३,००० रुपयांना असेल आणि डेकला तशी चार हवी असतील, तर झाले १२,०००. आणि डेक अजून पूर्ण व्हायचाच आहे!

कागदाचा तुकडा एवढा महाग का?

छपाईचा खर्च म्हणाल तर साधं कार्ड आणि महागडं कार्ड यांत काहीच फरक नाही. तीच मशीन, तोच पुठ्ठा, तीच शाई. किंमत ठरते ती किती छापली यावर आणि किती जणांना हवीत यावर.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 'ब्लॅक लोटस'. १९९३ च्या पहिल्या 'अल्फा' आवृत्तीत हे कार्ड फक्त १,१०० च्या आसपास छापलं गेलं. खेळात ते फुकटात तीन 'मना' देतं, म्हणजे समोरचा पहिल्या गिअरमध्ये असताना तुम्ही चौथ्यात. २०२१ मध्ये अल्फातलं एक उत्तम अवस्थेतलं ब्लॅक लोटस लिलावात पाच लाख डॉलरच्या वर गेलं.

मग कंपनी ते परत का छापत नाही? इथे एक गंमत आहे. १९९५ मध्ये कंपनीने 'क्रॉनिकल्स' नावाच्या आवृत्तीत जुनी कार्ड पुन्हा छापली. ज्यांनी ती महाग घेतली होती ते संग्राहक भडकले. म्हणून १९९६ मध्ये कंपनीने 'रिझर्व्ह्ड लिस्ट' जाहीर केली: या यादीतली कार्ड पुन्हा कधीच स्पर्धेत चालतील अशा रूपात छापणार नाही. हे वचन आजही चालू आहे. खेळणारे वाढत गेले, पण १९९४ ला छापलेल्या कार्डांची संख्या तेवढीच राहिली. उलट हरवून, फाटून कमीच झाली. त्यामुळे त्या यादीतल्या काही कार्डांना आज चांगल्या स्मार्टफोनएवढी किंमत पडते.

इथूनच प्रॉक्सीची गरज निर्माण होते.

प्रॉक्सी कार्ड म्हणजे काय?

सोप्या भाषेत: जे कार्ड तुमच्याकडे नाही, किंवा आहे पण वापरून खराब करायचं नाही, त्याच्या जागी डेकमध्ये ठेवलेलं बदली कार्ड. ते कसंही असू शकतं. साध्या लँड कार्डावर मार्करने नाव लिहिलेलं असेल, कागदाची चिठ्ठी असेल, किंवा रंगीत प्रिंट असेल. समोरच्याला ते कुठलं कार्ड आहे हे कळलं, म्हणजे काम झालं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही कल्पना लगेच पटते. ॲपमध्ये पेमेंटचं बटण तपासताना आम्ही दरवेळी स्वतःच्या खात्यातून खरे पैसे कापत नाही. 'डमी पेमेंट' लावतो. बाकीचं ॲप नीट चालतंय ना, एवढंच बघायचं असतं. प्रॉक्सीचा मूळ उपयोगही हाच: १२,००० रुपये घालण्याआधी हा डेक चालतो की नाही ते बघणं. खेळ बनवणारे लोकसुद्धा नवीन कार्ड छापण्याआधी अशाच कच्च्या कार्डांवर खेळून बघतात. त्याला 'प्लेटेस्ट' कार्ड म्हणतात.

लोक प्रॉक्सी साधारण या कारणांसाठी वापरतात:

१. डेक विकत घेण्याआधी खेळून बघायला.
२. एकच महाग कार्ड तीन डेकमध्ये लागतं, दरवेळी काढ-घाल नको म्हणून.
३. खरं कार्ड घरी सुरक्षित ठेवायचं आणि प्रवासात प्रॉक्सी न्यायची म्हणून.
४. मित्रांच्या ग्रुपमध्ये ज्याच्या खिशात जास्त पैसे त्याचाच डेक भारी, असं होऊ नये म्हणून.

आमच्या होस्टेलमध्ये चौथं कारण होतं. आम्ही चौघं. एकाला त्याच्या चुलतभावाने परदेशातून कार्डांचा खोका आणून दिलेला. तो दरवेळी जिंकायचा आणि बाकी तिघं महिनाअखेरीला मेसचं बिल मोजत बसायचे. मग एकाने रद्दी कार्डांवर मार्करने नावं लिहिली आणि त्या रात्री पहिल्यांदा खरी चुरस झाली. कोण किती डोकं लावतो ते दिसायला लागलं.

घरी प्रॉक्सी कशी बनवायची?

सगळ्यात सोपी पद्धत: कागदावर प्रिंट, मागे एक साधं कार्ड, आणि दोन्ही एका स्लीव्हमध्ये. स्लीव्ह म्हणजे कार्डाचं प्लास्टिकचं पातळ पाकीट. ते मागून अपारदर्शक असलं पाहिजे, म्हणजे सगळी कार्ड मागून सारखी दिसतात.

पायरी १: माप. मॅजिक आणि पोकेमॉनचं कार्ड ६३ × ८८ मिलिमीटर असतं. यु-गि-ओचं जरा लहान, ५९ × ८६. ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा, त्यामुळे मॅजिकची तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ कार्ड एका पानावर बसतात आणि कडेला जागाही उरते.

पायरी २: चित्राची स्पष्टता. चांगल्या प्रिंटला ३०० डीपीआय लागतात, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. ६३ × ८८ मिलिमीटरसाठी तुमचं चित्र साधारण ७४४ × १०३९ पिक्सेलचं हवं. सर्चमध्ये दिसणारं छोटं चित्र २५० पिक्सेल रुंद असेल, तर तेवढंच कार्डभर पसरवल्यावर जेमतेम १०० डीपीआय उरतात आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. आणि प्रॉक्सीवर चित्रापेक्षा अक्षरंच महत्त्वाची, कारण कार्ड काय करतं ते तिथे लिहिलेलं असतं.

पायरी ३: पीडीएफ बनवा आणि ती नीट पाठवा. आपण सगळे झेरॉक्सच्या दुकानात फाइल व्हॉट्सॲपवर पाठवतो. तिथे साधा 'फोटो' म्हणून पाठवलं की चित्र दाबून लहान केलं जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोहोचते.

पायरी ४: प्रिंट 'ॲक्चुअल साइज' किंवा १०० टक्क्यांवर. इथे जवळपास सगळे फसतात. मीही फसलो. दुकानातल्या काकांनी नेहमीप्रमाणे 'फिट टू पेज' ठेवून प्रिंट काढली. कागदाच्या कडेला प्रिंटरला मोकळी जागा हवी असते, म्हणून त्याने सगळं पान गुपचूप ९७ टक्के केलं. ६३ चं झालं ६१, ८८ चं झालं ८५. नऊही कार्ड स्लीव्हमध्ये खुळखुळायला लागली आणि पैसे गेले ते गेलेच.

यावर एक साधा उपाय आहे. पीडीएफच्या कडेला बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा. पहिलं पान निघालं की पट्टीने ती रेघ मोजा. ९७ भरली, तर पुढची पानं काढण्याआधी सेटिंग बदलायला सांगा.

पायरी ५: कागद आणि कापणं. आकार आणि ताठपणा मागच्या कार्डाकडून मिळणार आहे, त्यामुळे साधा ७५-८० जीएसएमचा कागद पुरतो. रंग स्क्रीनपेक्षा जरा मळकट दिसतील. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, प्रिंटर शाईने, म्हणून असं होतं. काळजी करू नका. कापायला कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि कटर बरा, कडा सरळ येतात.

पायरी ६: मागचं कार्ड. ढिगाने पडलेली साधी कार्ड वापरा. ती नसतील तर जुने पत्ते चालतात, पण मोजून घ्या. पोकर साइजचे पत्ते साधारण ६३ मिलिमीटर रुंद असतात, ब्रिज साइजचे ५७-५८. अरुंद पत्ता स्लीव्हमध्ये सरकतो.

पायरी ७: ठळक अक्षरात 'प्रॉक्सी' असं लिहा. ही पायरी गाळू नका. कारण पुढे येतंच आहे.

अजून एक तांत्रिक गोष्ट. कार्ड आणि कागद असलेली स्लीव्ह नुसत्या कार्डाच्या स्लीव्हपेक्षा किंचित जाड होते. पिसताना बोटांना तो फरक कळू शकतो, आणि डेकमधलं कुठलं कार्ड कुठे आहे हे स्पर्शाने कळणं म्हणजे फसवणूकच. तुम्ही मुद्दाम केलं नसलं तरीही. म्हणून प्रॉक्सी वापरायच्याच असतील तर डेकमधल्या सगळ्या कार्डांच्या पुढे तसाच एकेक कागद घाला, म्हणजे जाडी सारखी होते. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही हेच करतो.

प्रॉक्सी आणि नकली कार्ड: रेघ नेमकी कुठे?

आता तो किस्सा.

तिसऱ्या वर्षाला माझं प्रॉक्सीचं वेड वाढलं. कागद आणि स्लीव्हवर समाधान होईना. जाड चकचकीत कागद आणला, दोन्ही बाजूंनी प्रिंट काढली, मागे खऱ्या कार्डासारखीच तपकिरी पाठ, कोपरे गोल करायला छोटं कटर. दहा-बारा कार्ड अशी बनवली. रूमवर सगळे "एक नंबर रे!" म्हणाले. माझी छाती फुगली. त्यावर 'प्रॉक्सी' लिहावंसं वाटलं नाही, कारण एवढं सुंदर कार्ड कशाला खराब करायचं?

नोकरी लागल्यावर खोली सोडताना कार्डांचा एक खोका ज्युनिअरला देऊन टाकला. "खेळ मजेत." त्या खोक्यात माझं एक 'सुंदर' कार्ड राहून गेलं होतं. माझ्या लक्षातही नव्हतं.

वर्षभराने त्याचा फोन आला. "दादा, तू दिलेलं ते कार्ड खरं होतं ना?" त्याने ते एका खेळाडूला देऊन बदल्यात तीन चांगली कार्ड घेतली होती. समोरच्याने घरी जाऊन भिंगाखाली बघितलं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर विचारणा झाली. माझ्या ज्युनिअरने कार्ड लगेच परत केली, पण "मला माहीत नव्हतं" यावर तिथे कोणी विश्वास ठेवला नाही. मी स्वतः त्या ग्रुपमधल्या एकाशी फोनवर बोललो, चूक माझी होती हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तरी पोरगा तिथे परत खेळायला गेला नाही.

मी कोणाला फसवायला ते कार्ड बनवलं नव्हतं. पण कार्डाला माझा हेतू माहीत नसतो. ते माझ्या हातात असेपर्यंत प्रॉक्सी होतं. माझ्या हातातून सुटलं आणि नकली झालं. आमच्या धंद्यात याला नाव आहे: डमी पेमेंटचा कोड चुकून खऱ्या ॲपमध्ये जाणं. तसं होऊ नये म्हणून आम्ही टेस्टच्या स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरात 'टेस्ट' लिहून ठेवतो. तेवढं मी कार्डावर लिहिलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

म्हणून माझ्या मते रेघ अशी आहे. ज्या वस्तूला अनोळखी माणूस, तुम्ही समोर नसताना, दोन सेकंदात 'हे खरं नाही' म्हणून ओळखू शकतो, ती प्रॉक्सी. ज्याला ओळखायला भिंग लागतं, ती नकली, मग बनवणाऱ्याचा हेतू काहीही असो.

कंपनीचं आणि कायद्याचं म्हणणं काय?

'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने जानेवारी २०१६ मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. अधिकृत स्पर्धेत फक्त खरी कार्ड चालतील. पण घरी किंवा मित्रांत, कुठलाही व्यवहार न करता, खेळून बघण्यासाठी बनवलेल्या प्लेटेस्ट कार्डांवर आपण पोलिसगिरी करणार नाही. नकली कार्ड बनवणं आणि विकणं मात्र अजिबात खपवून घेणार नाही.

अधिकृत स्पर्धेत प्रॉक्सीला एक छोटी वाट आहे. तुमचं खरं कार्ड स्पर्धा चालू असतानाच चुकून खराब झालं, पाणी सांडलं किंवा दुमडलं, तर मुख्य जज स्वतः त्याची प्रॉक्सी बनवून देऊ शकतो. ती तेवढ्या स्पर्धेपुरतीच, आणि मूळ कार्ड जवळ ठेवावं लागतं. खेळाडूने घरून बनवून आणलेली चालत नाही.

गंमत म्हणजे कंपनीनेही स्वतः 'न चालणारी' कार्ड विकली आहेत. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'कलेक्टर्स एडिशन'चे कोपरे चौकोनी होते आणि पाठीला सोनेरी कड होती. पुढे जगज्जेत्या खेळाडूंचे डेक विकले, त्यांनाही सोनेरी कड आणि वेगळी पाठ. म्हणजे 'खोटं असेल तर ते दिसलं पाहिजे' हा नियम कंपनीनेही पाळला! २०२२ मध्ये तिसाव्या वाढदिवसानिमित्त अशीच वेगळ्या पाठीची जुनी कार्ड काढली: चार पाकिटं, ६० कार्ड, किंमत ९९९ डॉलर. तेव्हाच्या दराने ८०,००० रुपयांच्या वर, आणि स्पर्धेत चालणार नाहीत. "म्हणजे ही कंपनीचीच महागडी प्रॉक्सी" असं म्हणत खेळाडूंनी भरपूर टीका केली.

भारतातल्या कायद्याचं थोडक्यात: कार्डावरचं चित्र आणि मजकूर कॉपीराइटखाली येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापरासाठी काही प्रमाणात सूट देतं, पण 'काही प्रमाणात' म्हणजे किती हे प्रत्येक प्रकरणात वेगळं ठरतं. विकायला सुरुवात केली की तो खासगी वापर राहत नाही. 'प्रिंटचेच पैसे घेतो' असं म्हणून ऑर्डरी घेणंही त्यातच आलं. आणि खरं म्हणून विकणं ही सरळ फसवणूक.

नकली कार्ड मोबाइलने कसं ओळखायचं?

सेकंडहँड कार्ड घेताना या गोष्टी करा. एक लक्षात ठेवा: नेहमी त्याच खेळाचं, शक्यतो त्याच आवृत्तीचं, खात्रीचं एक स्वस्त कार्ड शेजारी ठेवून तुलना करा.

१. ठिपके बघा. मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा किंवा सोनारासारखं छोटं भिंग घ्या. खऱ्या कार्डावर चित्राचे रंग बारीक ठिपक्यांच्या फुलासारख्या नक्षीने बनलेले दिसतात, पण काळी अक्षरं सलग आणि धारदार असतात. अक्षरांच्या कडासुद्धा ठिपक्याठिपक्यांच्या असतील तर शंका घ्या.

२. पाठ बघा. मॅजिकच्या कार्डाच्या पाठीवर पाच रंगांचे गोल असतात. हिरव्या गोलात भिंगाखाली चार लाल ठिपके इंग्रजी 'एल' अक्षरासारखे मांडलेले दिसतात. बऱ्याच नकली कार्डांवर हे जमलेलं नसतं.

३. उजेड बघा. मोबाइलची टॉर्च कार्डामागे धरा. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये निळसर थर असतो. उजेड किती आणि कसा आरपार येतो ते खात्रीच्या कार्डाशी जुळवून बघा.

४. चकाकीचा शिक्का बघा. २०१४ पासून मॅजिकच्या दुर्मीळ कार्डांवर खाली मधोमध लहान चमकणारा शिक्का असतो.

कार्ड वाकवून बघायची एक जुनी पद्धत सांगतात. ती करू नका. कार्ड खरं निघालं तर तुम्हीच ते खराब केलेलं असेल.

प्रिंटर चुगली करतो!

शेवटी एक भारी तांत्रिक गोष्ट. बरेच रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक पिवळे ठिपके छापतात. नकली नोटा छापणारे सापडावेत म्हणून ही सोय आली. त्या ठिपक्यांच्या मांडणीत प्रिंटरचा सीरियल नंबर आणि छपाईची तारीख-वेळ लपलेली असते. २००५ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन' या अमेरिकन संस्थेने झेरॉक्स कंपनीच्या एका प्रिंटरची ही सांकेतिक भाषा उलगडून दाखवली. निळ्या उजेडात, भिंगाखाली हे ठिपके दिसतात.

याचा कार्डांशी काय संबंध? पोकेमॉनचा खेळ बाजारात येण्याआधी बनवलेली कच्ची प्लेटेस्ट कार्ड, म्हणजे १९९६ च्या सुमाराची, संग्राहकांमध्ये प्रचंड किमतीला विकली जात होती. ती तपासून 'खरी' असं प्रमाणपत्रही मिळालेलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला काही चाहत्यांनी त्यांच्या स्कॅनमधले पिवळे ठिपके वाचले. काही कार्डांवर तारीख निघाली २०२४ ची!

विचार करा, प्लेटेस्ट कार्ड म्हणजे मुळात प्रॉक्सीच. ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेला कागद. त्याची किंमत वाढली, आणि मग त्याचीही नकल निघाली.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रॉक्सी वापरणं म्हणजे चीटिंग का?
समोरच्याला आधी सांगितलं आणि तो हो म्हणाला, तर नाही. डेक काढतानाच सांगा: "यात इतक्या प्रॉक्सी आहेत, चालेल ना?" नाही म्हणाला तर दुसरा डेक काढा, वाद नको.

दुकानातल्या स्पर्धेत चालतील का?
अधिकृत असेल तर नाही. अनधिकृत स्पर्धेत आयोजक ठरवतात. अमेरिकेत जुन्या कार्डांच्या काही अनधिकृत स्पर्धांमध्ये दहा किंवा पंधरा प्रॉक्सींपर्यंत परवानगी देतात. नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या.

सगळा डेकच प्रॉक्सीचा केला तर?
मित्रांत खुशाल करा. फक्त एक विचार करा: जिथे बसून तुम्ही खेळता ते छोटं दुकान कार्ड विकूनच चालतं. जे परवडतं ते तिथून घ्या, जे आवाक्याबाहेर आहे त्याची प्रॉक्सी करा.

प्रॉक्सी नको असतील तर डेक कसा तपासायचा?
मॅजिकचं 'अरीना' आणि पोकेमॉनचं 'टीसीजी लाइव्ह' मोबाइलवर फुकट खेळता येतात. सगळी जुनी कार्ड तिथे नाहीत, पण खेळ शिकायला पुरेसं आहे.

जुन्या प्रॉक्सींचं काय करायचं?
फाडून टाका. कोणाला खोका देण्याआधी एकेक कार्ड काढून बघा.

शेवटचं

प्रॉक्सीमुळे कमी पैशात खेळता येतं, आणि माझ्यासारख्या अनेकांना त्याशिवाय हा खेळ कळलाच नसता. म्हणून बनवा, खेळा, मित्रांना शिकवा. फक्त मार्कर जवळ ठेवा. माझ्या डेकमधल्या प्रत्येक प्रॉक्सीवर आता चित्राच्या मधोमध देवनागरीत 'प्रॉक्सी' लिहिलेलं असतं. दिसायला बरं दिसत नाही. गेल्या दिवाळीत तो ज्युनिअर पुण्यात भेटला. खेळायला बसलो, तर त्याने माझा डेक हातात घेऊन आधी पहिली दहा कार्ड उलटून बघितली, मग म्हणाला, "हां दादा, आता पिस."